नौपाड्यातली केबल

मे महिन्यात सुट्टीवर ठाण्याला आलो तो आईकडची केबल बंद करायचीच, असं ठरवून. घरात वायफाय आहे, स्मार्ट टीव्ही आहे. आम्ही अमेरिकेत, एडिसनला, केबल कधीच सोडली, मग नौपाड्यातच दर महिन्याला पैसे कशाला भरायचे?

पहिल्याच संध्याकाळी बाबांना ॲपवर आयपीएलचा सामना लावून दिला. चित्र काचेसारखं स्वच्छ. शेवटच्या षटकात शेजारच्या काकूंकडे एकदम आरडाओरडा झाला आणि आमचा गोलंदाज अजून पँटला चेंडू घासत उभा! ‘‘सिक्स गेली वाटतं,’’ बाबा म्हणाले. थोड्या वेळाने गेली. ॲपवर चित्र काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात, त्यातले दोन-चार हातात आल्याशिवाय दाखवायला सुरुवात होत नाही. म्हणून केबल पुढे, आपण मागे. बाबांना हे सगळं समजावलं. पुढचे चेंडू त्यांनी भिंतीकडे कान लावून ऐकले.

आईचा प्रश्न वेगळाच. ‘‘माझी मालिका कितव्या नंबरवर?’’ ॲपला नंबर नसतो. तिथे आधी ‘कोण बघतंय?’ म्हणून चार चेहरे येतात. आईने त्यातला हसरा निवडला, तो भाच्याचा. कार्टून सुरू झालं. मग शोधायचं तर मराठी नाव इंग्रजी अक्षरांत, बाणाचं बटण दाबत एकेक अक्षर. एक ‘ए’ की दोन, यावरच दहा मिनिटं गेली. ‘‘अरे, दिवसभर काय करायचं ते मीच ठरवते. रात्री तरी कुणी काही विचारू नये,’’ म्हणाली.

आणि पैसे? तिकडे केबल सोडून आम्ही फार काही वाचवलं, असं छातीठोकपणे सांगवत नाही. थेट वाहिन्या दाखवणारी यूट्यूब टीव्ही २०१७ मध्ये महिना ३५ डॉलरला सुरू झाली, जानेवारी २०२५ मध्ये ती ८२.९९ डॉलर झाली. वर दोन-तीन ॲप्स, वर इंटरनेट, आणि तेही केबल कंपनीच्याच वायरीवरून! शेवटी खिडकीला पुठ्ठ्यासारखा पातळ अँटेना चिकटवला. एनबीसी, सीबीएस, पीबीएस या तिकडच्या वाहिन्या फुकट दिसतात, तेही एचडी. लहानपणी गच्चीवर अँटेना फिरवत ‘आलं का?’ ओरडायचो, आता अमेरिकेत बायकोला तेच विचारतो.

रविवारी केबलवाला आला. आमचं वायफायही त्याचंच, हे मला तेव्हा कळलं. २०१९ मध्ये ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमाने वाहिन्या निवडून घ्यायची वेळ आली, तेव्हा आईने यादी त्यालाच परत दिली होती: ‘‘तूच खुणा कर, मी काय बघते ते तुला माहितीये.’’ मी ‘‘दादा, केबल...’’ म्हणेपर्यंत तिने दोन्हींचे पैसे त्याच्या हातावर ठेवलेसुद्धा. तो चपला घालता घालता विचारत होता, ‘‘मावशी, ती भजनाची वाहिनी नीट दिसते ना आता?’’