बाळ येशूच्या यात्रेला धुळ्याहून पायी

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. मुंबईहून घाट चढून पायी येणारे जथे सगळ्यांना ठाऊक असतात. खानदेशातून चालत जाणारे आम्ही त्या मानाने मूठभर. कॅथलिक चर्चचा नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुण्यापासून वेगळा झाला, त्यात धुळे-जळगावही आलं. तेव्हापासून नाशिक हे आमच्या बिशपांचं गाव.

पायी जाणं खानदेशाला शिकवावं लागत नाही. चैत्रात हाच मुंबई-आग्रा महामार्ग सप्तशृंगीला निघालेल्या माणसांनी फुललेला असतो, ठिकठिकाणी पाणी, चहा, मसालेभाताचे मंडप. फेब्रुवारीत त्यातलं काही नसतं. ढाब्यावरचा माणूस ‘कथा चालनात भो?’ (कुठे निघालात भाऊ?) विचारतो, ‘नाशिकले, बाळ येशूनी यात्राले’ म्हटलं की चहा पुढे करतो. पण पाणी, जेवण आणि निजायची जागा यांची सोय आपली आपणच लावायची. मुक्कामाच्या गावी शाळा किंवा मंगल कार्यालय हवं असेल तर ग्रामपंचायतीला पंधरा दिवस आधी पत्र द्या. ऐनवेळी फोन केला तर लग्नाची तारीख निघालेली असते.

अंतर साधारण १६० किलोमीटर. रविवारची मिस्सा (चर्चमधली प्रभुभोजनाची उपासना) करून धुळ्यातून निघायचं आणि शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी सकाळी नाशिकरोडला टेकायचं. लळिंगचा घाट पहिल्याच दिवशी लागतो, अंगात दम असतो तेव्हा. पुढे झोडगे, मालेगाव, उमराणे, राहुड घाट, चांदवड, वडाळीभोई, पिंपळगाव बसवंत, ओझर, आडगाव. दिवसाला पंचवीस ते तीस किलोमीटर पुरे. आडगावच्या पुढे शहरात शिरू नका. जत्रा हॉटेलपासून नांदूर नाक्याकडे वळायचं आणि जेल रोडने नाशिकरोड गाठायचं. द्वारकेच्या गर्दीत दमलेली माणसं एकमेकांपासून तुटतात.

पहाटे तीन-चारला निघायची हौस अनेकांना असते. ती उन्हाळ्यातल्या पदयात्रेची सवय आहे. फेब्रुवारीत उन्हाचा तेवढा धाक नसतो, आणि अंधारात कांद्याच्या ट्रॉल्या मागचा लाल दिवा नसताना पळत असतात. पावणेसातला फटफटलं की निघायचं, अकराच्या आत पंधरा किलोमीटर, मग तीनपर्यंत सावली. शक्य तिथे सर्व्हिस रोड, नाहीतर समोरून गाड्या येतात त्या बाजूची कडेची पट्टी. पहिल्या आणि शेवटच्या माणसाला चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. राहुड घाटात एका ओळीत चालायचं; तिथे भजन बंद, टाळ पिशवीत.

पायांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिसऱ्या दिवशी सोबतच्या टेम्पोत बसणारे नव्वद टक्के फोडांमुळे बसतात आणि मग ‘देवाने मला नाकारलं’ असं काहीतरी मनाला लावून घेतात. देवाचा त्यात संबंध नसतो, नव्या बुटाचा असतो. बूट महिनाभर वापरलेला, अर्धा नंबर मोठा. नखं तीन-चार दिवस आधी सरळ कापलेली. टाच किंवा करंगळी चुरचुरायला लागली की तिथल्या तिथे थांबून कोरड्या कातडीवर मायक्रोपोर पट्टी लावायची; ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हटलं की फोड आलाच. मोठा, तणलेला फोड असेल तर बीटाडीन लावून निर्जंतुक सुईने कडेला टोचा, पाणी निघू द्या, वरची कातडी काढू नका. सुईदोरा आरपार ओवून दोरा आत ठेवायची जुनी रीत सोडा, त्या दोऱ्यावरूनच जंतू आत जातात. मधुमेह असणाऱ्याने फोड स्वतः टोचायचा नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरलाच. अर्ध्या लिटरला कालवून कडक केलं तर उलट्या होतात.

नंदुरबार-नवापूरकडून येणाऱ्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण असू शकतात. त्यांनी हे अंतर सलग चालू नये. अंगातलं पाणी कमी होणं, पहाटेची थंडी आणि अतिश्रम, या तिन्हींनी सांध्यांचं भयंकर दुखणं उठतं. दिवसाला चार-पाच किलोमीटर चालून उरलेलं टेम्पोत, डॉक्टरांनी दिलेली गोळी एक दिवसही न चुकवता. टेम्पोत बसून म्हटलेली जपमाळ कमी भरत नाही.

खाणं आपलंच. दुधात भिजवलेल्या दशम्या पहिले दोन दिवस निघतात, सोबत ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. मुक्कामी कळण्याची भाकरी नि वांग्याचं भरीत मिळालं तर दुसरं काही लागत नाही. शेवभाजीचा झणझणीत रस्सा रात्री टाळा, सकाळी रस्त्यावर आडोसा मिळत नाही. २०२७ मध्ये राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला येतो, म्हणजे यात्रा आणि उपवासकाळ एकत्र. त्या दिवशी १८ ते ५९ वयाच्या माणसाने एकच पूर्ण जेवण घ्यायचं असतं. पंचवीस किलोमीटर चालून हे जमणार नाही. निघण्याआधी आपल्या फादरांकडून सूट मागून घ्या. ती मिळते, त्यात कमीपणा नाही.

चालताना जपमाळ. पाच टप्पे, दर टप्प्याला एक ‘हे आमच्या बापा’ आणि दहा ‘नमो मारिया’. चालत म्हटली की वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात दीड किलोमीटर सरतं. पुढचा बांबूचा क्रूस दर टप्प्याला दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. कोणी मोठेपणाने तासभर धरून ठेवला तर दुसऱ्या दिवशी त्याची मान वळत नाही. मंगळवार-शुक्रवारी दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या दुःखभोगाच्या प्रसंगांचं मनन. अलायन्स या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांतले काही जण बरोबर येतात. त्यांच्याकडे ना यात्रा, ना जपमाळ. ते मागे टाळ घेऊन रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात. या दोन आवाजांचं कधी भांडण होत नाही, फक्त अंतर ठेवावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. या वाटेवर हौसेने येणारे थोडे. बोंडअळीने कापूस गेलेला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, घरात दारू, पोरगं गेलेलं, मूल होत नाही, कॅन्सरची तपासणी झालेली: असंच काहीतरी प्रत्येकाच्या पिशवीत असतं. अशा माणसाला पहिल्या दिवशी वचन ऐकवू नये. बायबलमधल्या १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो. देवदूत त्याला बोध करत नाही. झोपू देतो, उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. देव त्याच्याशी बोलतो तो चाळीस दिवसांच्या वाटेनंतर. म्हणून आमच्यात पहिले दोन दिवस फक्त खाणं, झोप, पाय.

तिसऱ्या संध्याकाळपासून गाऱ्हाणं. त्याला साचा १३व्या स्तोत्राचा. सहाच वचनं आहेत: पहिल्या दोनांत तक्रार, ‘किती काळ’ हा प्रश्न चार वेळा, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. सगळे गोल बसतात. ज्याला बोलायचं त्याने दोन वाक्यं तक्रारीची, एक मागण्याचं बोलायचं. ‘परमेश्वरा, कापूस गेला. तू बघत होतास. आता सावकाराला काय सांगू ते दाखव.’ भरवशाचं वाक्य आलं तर बोला, ओढून आणू नका. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं आणि तरीही ते बायबलमध्ये आहे. क्रूसावर येशूने ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे २२व्या स्तोत्रातलंच म्हटलं. देवापुढे रडगाणं गाणं म्हणजे विश्वास कमी, ही समजूत आपल्या मंडळ्यांत इतकी घट्ट आहे की पहिली संध्याकाळ बहुतेक वेळा गप्पच जाते.

नियम दोनच, पण कडक. एक, कोणी उत्तर द्यायचं नाही. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तोवर बरं चाललं होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. ‘देवाची इच्छा’, ‘काहीतरी पाप झालं असेल’, ‘त्यांच्यापेक्षा आपलं बरं’ ही तीन वाक्यं बंद. जन्मांधाबद्दल शिष्यांनी ‘पाप कोणाचं?’ विचारलं तेव्हा येशूने योहान ९ मध्ये ‘याचं नाही, याच्या आईबापाचंही नाही’ असं स्पष्ट सांगितलं आहे. दोन, इथलं इथेच. ‘तिच्यासाठी प्रार्थना करा हं’ म्हणत एखादीच्या घरातली गोष्ट गावभर फिरते, आणि ती बाई पुन्हा कधी तोंड उघडत नाही.

नवसाबद्दल आमचं मत थोडं कडवट आहे. ‘चालत आलो, आता काम कर’ असा व्यवहार मनात धरला की नाशिकरोडला पोहोचल्यावर माणूस रिकामा होतो. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढं मिळालं. हे निघण्याआधीच सांगून ठेवावं, राहुड घाटात नाही.

आणि गोळ्या. रक्तदाबाच्या, फिटच्या, मनाच्या आजाराच्या गोळ्या ‘येशू बघून घेईल’ म्हणून कोणी थांबवत असेल तर त्याला पुढे नेऊ नका. कोणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं तर ती गोष्ट गोलात ठेवायची नाही. एकाने त्याच्याबरोबरच चालायचं, त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना कळवायचं, आणि १४४१६ ला फोन लावायचा. टेलीमानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जवळच्या सरकारी दवाखान्यात नेणंही प्रार्थनेइतकंच गरजेचं.

नाशिकरोडला रांग मोठी असते. पाय सुजलेले असतात, तेव्हा आधी मिस्सा करा, दर्शनाची रांग नंतर. पापकबुलीसाठी बोलायचं असेल तर शनिवारी दुपारीच फादर गाठा, रविवारी प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. परतीचं आरक्षण जानेवारीतच करा. जळगाव-भुसावळवाल्यांना नाशिकरोडहून सरळ गाडी, धुळेकरांना चाळीसगावला उतरून बदलता येते किंवा एसटी.

खरा घसरगुंडीचा काळ घरी पोहोचल्यावर येतो, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. अंग दुखत असतं, कर्ज तेवढंच असतं, बरोबर चालणारं कोणी नसतं. म्हणून निघतानाच दोघादोघांच्या जोड्या लावतो. परतल्यावर आठ दिवस रोज रात्री नऊला एकमेकांना फोन करायचा, विचारायचं एवढंच: जेवलास का, झोप लागते का, आज गाऱ्हाणं काय. बायकांच्या जोड्या बायकांशी. ज्याचा फोन लागोपाठ दोन दिवस उचलला जात नाही, त्याच्या घरी कोणीतरी जाऊन यायचं.