७८०५ च्या आतले तापमान काढताना

७८०५ हा ५ व्होल्टचे स्थिर आउटपुट देणारा तीन पायांचा रेग्युलेटर जास्तीचे व्होल्टेज उष्णतेच्या रूपात घालवतो. ही उष्णता किती, हे काढायला इनपुट व आउटपुट व्होल्टेजमधल्या फरकाला लोडच्या करंटने गुणावे. १२ व्होल्टवरून ५ व्होल्टवर ०.५ अँपिअर घेतल्यास ३.५ वॅट येतात. रेग्युलेटर स्वतःसाठी घेतो ते सुमारे ५ मिलिअँपिअर या हिशेबात सोडून दिले तरी चालतात. इनपुट व्होल्टेज मात्र लोड जोडलेला असताना मीटरने मोजलेलेच घ्यावे, कारण ट्रान्सफॉर्मरवर छापलेले ९ व्होल्ट ब्रिज (एसीचे डीसी करणारे चार डायोड) आणि कपॅसिटरनंतर ११ च्या वर जातात आणि वीजपुरवठ्याच्या लाइनबरोबर वरखाली होतात.

उष्णतेच्या वाटेतले रोध, म्हणजे दर वॅटमागे तापमान किती अंशांनी वाढते ते आकडे, एकसर जोडणीतल्या रोधांप्रमाणे बेरजेत येतात. टीओ-२२० पॅकेजसाठी (धातूची पट्टी असलेले ७८०५ चे नेहमीचे आवरण) काही उत्पादकांच्या डेटाशीटमध्ये जंक्शन (आतली चिप) ते केस (बाहेरचे आवरण) ५ आणि हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) नसताना जंक्शन ते हवा ६५ अंश प्रति वॅट असे आकडे मिळतात. हवा ४० अंशांवर असेल, तर ३.५ गुणिले ६५ अधिक ४० म्हणजे जवळपास २६७ अंश येतात. जंक्शन तिथवर पोहोचत नाही, कारण आतले थर्मल शटडाउन (जास्त तापल्यावर बंद करणारे संरक्षण) त्याआधीच आउटपुट पाडते. परंतु चालण्याची मर्यादा १२५ अंश आहे, आणि मी स्वतः १०० च्या वर जाऊ देत नाही.

खरा प्रश्न हवेच्या तापमानाचा आहे, आणि तिथेच सर्वात कमी विचार केला जातो. डेटाशीटमधले बरेचसे आकडे २५ अंशांवरचे असतात. विदर्भात मे महिन्यात सावलीतला पारा ४५ पर्यंत जातो आणि बंद प्लास्टिकच्या बॉक्समधली हवा त्याहूनही तापते. ती ६० अंश धरली, तर १०० पर्यंत ४० अंशच उरतात, त्यांना ३.५ ने भागल्यास एकूण रोध ११.४ येतो, आणि त्यातून केसचे ५ व पेस्टसह सांध्याचा अंदाजे १ वजा केल्यावर हीटसिंकच्या वाट्याला ५.४ अंश प्रति वॅट राहतात. एवढा मोठा हीटसिंक आतच बसवला, तर तो बॉक्सचीच हवा आणखी तापवतो. तो बाहेर, सावलीत बसवला, तर ४५ अंशांच्या हिशेबाने ९.७ पुरतात. त्याहून चांगला उपाय इनपुट उतरवण्याचा आहे: ९ व्होल्टवर २ वॅटच राहतात, आणि बॉक्समध्येसुद्धा १४ अंश प्रति वॅटचा हीटसिंक चालतो. रिपलच्या (कपॅसिटरनंतरही उरणाऱ्या चढउताराच्या) तळाशीही इनपुट ७.५ व्होल्टच्या खाली जाणार नाही, एवढे पाहावे.

हिशेब पडताळताना थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) टॅबवर, म्हणजे आवरणाच्या धातूच्या पट्टीवर, शक्यतो चिपच्या जवळ लावावे आणि तापमान स्थिर होऊ द्यावे. टॅब ८० अंशांवर स्थिरावला, तर ३.५ गुणिले ५ मिळवून जंक्शन ९७.५ अंशांवर आहे असे धरता येते. ७८०५ चा टॅब ग्राउंडला जोडलेला असतो, त्यामुळे ग्राउंडवरच्या हीटसिंकवर तो थेट बसवता येतो; एलएम३१७ आणि ७९०५ या दुसऱ्या रेग्युलेटरांपैकी पहिल्याचा टॅब आउटपुटला आणि दुसऱ्याचा इनपुटला असल्याने तिथे मायका (वीजरोधक पातळ चकती) लागतो, आणि त्याचा रोधही बेरजेत धरावा लागतो.