बसलेल्या माणसाचं माप

कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं आणि आम्हा जेन्ट्स टेलरांच्या दुकानांत काळ्या कापडाचे तागे येऊन पडले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी कित्येक वर्षं लढून हे बेंच मिळवलं. जिल्हा न्यायालयात काळा कोट आणि गळ्याला पांढरे बँड एवढ्यावर भागतं, गाऊनची सक्ती नसते. उच्च न्यायालयात गाऊन लागतोच. त्यामुळं केस पिकेपर्यंत नुसत्या कोटावर वकिली केलेली मंडळीही गाऊनसाठी माप द्यायला आली. गाऊन हे तसं सोपं काम. पाठीवर चुण्या, मोठ्या बाह्या, भरपूर घेर. अर्धा इंच इकडंतिकडं झालं तरी कळत नाही.

त्या गडबडीत एक फोन आला. "मास्तर, तुमच्या दुकानाला पायऱ्या किती आहेत?"

गिऱ्हाईक शिलाई किती विचारतं, ट्रायल कधी विचारतं. पायऱ्या कुणी विचारल्या नव्हत्या. आमचं दुकान महाद्वार रोडच्या आतल्या बोळात, गटारीवरून चढून जायच्या तीन उंच पायऱ्या. तसं सांगितलं. पलीकडून शांत आवाज आला, "मग मी खालीच थांबतो. सकाळी लवकर आलो तर चालेल का? अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी व्हायच्या आत."

दुसऱ्या दिवशी शटर वर करतोय तोच ते आले. तिशीतले वकील, चाकाच्या खुर्चीत, सोबत त्यांचे दाजी. शिकत असताना मोटारसायकलचा अपघात झाला आणि मणक्याला मार बसला, तेव्हापासून छातीखाली संवेदना नाही. जिल्हा न्यायालयात त्यांचं काम चालू होतंच, आता सर्किट बेंचमध्ये एका ज्येष्ठ वकिलांबरोबर उभं राहायचं होतं. "उभं राहायचं" हा शब्द त्यांनीच वापरला, सगळे वकील वापरतात तसा.

दाजींनी पिशवीतून एक रेडिमेड काळा कोट आणि दोन पँटी काढून पायरीवर ठेवल्या. वकीलसाहेबांनी त्यातली एक उचलली, मागचा खिसा माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "इथलं बटण मी कापून टाकलंय. ह्या बटणानं मी दोन महिने पालथा झोपून होतो."

मला लगेच उमगलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. आपण बसलो की नकळत सारखी कूस बदलत असतो. बुडाखाली काही टोचलं की शरीर आपणहून सरकतं. त्यांना टोचलेलं कळतच नाही. बटण, जाड शिवण, खिशाची घडी, जे काही खाली येईल ते तासन्‌तास एकाच जागी रुतून बसतं, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी मरायला लागते. जखम वर दिसते तेव्हा आत बरीच खोल गेलेली असते. ती भरेपर्यंत बसायचं नाही. म्हणजे कोर्ट नाही, अशील नाही, कमाई नाही.

ती पँट मी हातात घेऊन उलटी केली. कुणीतरी मन लावून शिवलेली होती. आम्ही सगळेच शिवतो तशी मागच्या मधल्या शिवणीला दोन्ही बाजूंनी दीड दीड इंच माया, म्हणजे आतलं जादा कापड, सोडलेली, गिऱ्हाईक जाड झालं तर उसवून सैल करता यावी म्हणून. मागच्या खिशाला आत बकरमचं ताठ कापड, वर फ्लॅप, त्यावर बटण. उभ्या माणसाच्या पँटीत हे चांगल्या कामाचं लक्षण आहे. चांगला टेलर ओळखायचा तर पँट उलटी करून माया बघा, असं मी स्वतः लोकांना सांगत आलोय. तीच माया इथं चार पदरी होऊन ह्या माणसाच्या हाडाखाली येत होती. पोटात कालवलं.

कोटाचं दुखणं वेगळं होतं. त्यांनी तो घालून दाखवला. उभ्या माणसासाठी बेतलेला कोट बसल्यावर खालून मांडीला आणि मागून खुर्चीच्या गादीला टेकतो. टेकला की वर ढकलला जातो. समोर पोटावर फुगा येतो, पाठीकडून कॉलर मानेपासून सुटून कानापर्यंत चढते. त्यांची कॉलर इतकी चढली होती की बँड आत बुडाले होते. बाह्यांच्या कडा चाकाच्या रिंगवर घासून चकचकीत झालेल्या, कफाची दोन बटणं गायब. "रिंगमध्ये अडकून तुटतात," ते म्हणाले. आधी दोन ठिकाणी विचारून आले होते. एकानं कोट खालून चार इंच कापून देतो म्हणून सांगितलं. तसं केलं तर खिसे थेट काठावर येऊन लोंबतात आणि कॉलर आहे तिथंच राहते, कारण बिघाड वर मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईत, आणि पाठीत असतो. दुसऱ्यानं म्हणे दाजींनाच विचारलं, "यांना कशाला लागतोय एवढा कोट?" ते सांगताना वकीलसाहेबांचा आवाज बदलला नाही. दाजी मात्र दुसरीकडं बघायला लागले.

मी टेप गळ्यात टाकली आणि बोळातच माप घ्यायला बसलो. मापाची आमची सुरुवात ठरलेली असते, सरळ उभे राहा, हात सैल सोडा. इथून पुढं सगळंच नव्यानं मांडायचं होतं. आमच्याकडचे जुने कारागीर, सगळे त्यांना चाचा म्हणतात, ते वही घेऊन पायरीवर बसले.

छाती बेचाळीस. कोटाचा ठरलेला कट छातीपेक्षा कंबर सहा इंचानं कमी धरून केलेला असतो. ह्यांचे खांदे आणि दंड चाक ढकलून पैलवानासारखे भरलेले, पण पोटाचे स्नायू धरून ठेवत नसल्यामुळं बसल्यावर पोट पुढं येतं, आणि पाय अगदी बारीक. बेचाळीसचा कोट खांद्याला आवळत होता आणि कमरेला चोळामोळा होत होता. पाठीची रुंदी मी दोनदा घेतली, एकदा हात मांडीवर ठेवून आणि एकदा रिंग ढकलताना दोन्ही हात पुढं नेऊन. अडीच इंचांचा फरक आला. एवढा फरक दिवसभर शिवणीवर ताण देतो, म्हणून रेडिमेड कोट काखेत फाटतो. बाहीची लांबीही हात रिंगवर असतानाच घेतली.

पँटीचं माप गादीवर बसून नीट मिळेना. मग आमचा लाकडी बाक खाली आणला. त्यांनी एक हात बाकावर, एक खुर्चीवर टेकवून स्वतःला उचललं आणि सरकून बाकावर आले. मी धरायला पुढं झालो तर म्हणाले, "राहू द्या मास्तर, रोजचंच आहे." ते सरकणं बघूनच पँटीचं कापड ठरलं. खरखरीत कापड अशा सरकण्यात कातडी ओढतं, आणि अगदी गुळगुळीत घेतलं तर माणूस खुर्चीतून पुढं घसरतो. मधलं, जरा ताण घेणारं टेरीव्हिस्कोस घ्यायचं ठरवलं. कोटाला पातळ टेरीवूल.

मग त्यांनी दाजींना चहा सांगायला पाठवलं आणि जे सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं. लघवीसाठी नळी असते, पिशवी पोटरीला बांधलेली असते, कोर्टात ती रिकामी करायची तर पँट गुडघ्यापर्यंत ओढावी लागते आणि ते कुणासमोर नको वाटतं. मी विचारलं, कुठल्या पायाला? उजव्या. वहीत लिहून घेतलं. डॉक्टरकडं सांगावं तसं माणूस टेलरकडं सांगतो, आणि आपण पुढचा प्रश्न साधेपणानं विचारला की त्याला मोकळं वाटतं. टेलर शोधत असाल तर हेच बघा, मास्तर तुम्हाला प्रश्न किती विचारतो. तुम्ही बसता कसे, खिशात काय ठेवता, गाडी चालवता का. नुसतं टेप फिरवून "गुरुवारी या" म्हणणाऱ्याचा कोट आरशापुढं बरा दिसतो आणि ऑफिसात बोचतो.

बेतायला मी रात्री बसलो, शटर खाली ओढून. पँटीचं मागचं आसन तीन इंच उंच घेतलं, पुढचं दोन इंच उतरवलं, म्हणजे मागून कंबर उघडी पडणार नाही आणि पुढं कापडाचा गोळा होणार नाही. मागचे खिसे नाहीत. मधल्या शिवणीची माया बसायच्या भागात पाव इंचावर आणली आणि सैल करायची सोय दोन्ही बाजूंच्या शिवणींत ठेवली. इतकी वर्षं राखलेली माया कात्रीनं काढताना हात थबकला खरा. बसल्यावर पँट वर चढते म्हणून लांबी गुडघ्याच्या वळणावरून टाचेपर्यंत मोजलेली, उभ्याच्या मापापेक्षा जास्त. चेन नेहमीपेक्षा खाली, आसनाच्या वळणापर्यंत नेली. उजव्या पायाला आतल्या शिवणीत घोट्यापासून वर छोटी लपवलेली चेन. खिशांची तोंडं मांडीवर आडवी घेतली, कारण तिरक्या खिशातून बसलेल्या माणसाचा मोबाईल सरळ रस्त्यावर पडतो.

मोरीवरून, म्हणजे पँटीच्या पायाच्या खालच्या घेरावरून, मी आणि चाचा बराच वेळ बोलत बसलो. पाय बारीक म्हणून पँट बारीक शिवली तर नजर तिथंच जाते. सैल सोडली तर पुढच्या चाकात जाते. चाचांनी तोडगा काढला, वरून सरळ उतरवायची आणि घोट्याजवळ किंचित आत घ्यायची.

कोट मागून पंचवीस इंच, समोर त्याहूनही आखूड, मांडीला टेकण्याआधी थांबणारा. मुंढा उंच घेतला. मुंढा खोल असला तर हात सैल राहतो असं गिऱ्हाइकाला वाटतं, पण होतं उलटं. खोल मुंढ्याचा कोट हात हलला की अख्खा वर येतो, उंच मुंढ्यात फक्त बाही हलते. मुंढ्यामागं दोन्हीकडं एकेक चुणी, शिकारीच्या जुन्या कोटांना असायची तशी, त्या अडीच इंचांसाठी. हात पुढं गेला की उघडते, मागं आला की मिटते. समोरच्या खालच्या भागाला फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटवायचं ताठ अस्तर, लावलं नाही, रोज एकाच जागी दुमडून त्याला फोड येतात. छातीपुरता हलका कॅनव्हास. कफाला बटणं नाहीत, आणि बाहीच्या आतल्या कडेला दुहेरी कापड, झिजलं की बदलता येईल असं.

राहिला गाऊन. तो सोपा म्हणालो, पण इथं सगळ्यात अवघड तोच निघाला. मोठ्या बाह्या आणि लोंबता घेर हे दोन्ही चाकाचे शत्रू. चालत्या चाकात कापड गेलं तर मान मागं खेचली जाईल. मी विचारलं, घेर कमी केला तर नियमाला चालेल का? ते म्हणाले, "नियम मी बघतो, कापड तुम्ही बघा."

मागचा घेर मी गादीच्या वर संपवला आणि दोन्ही बाजू मांडीवर येतील एवढ्याच ठेवल्या. पाठीवरच्या चुण्या पूर्ण दिल्या, समोरून आणि मागून गाऊन गाऊनच दिसला पाहिजे. बाह्यांना आतून कोपराजवळ टिचबटणाची पट्टी, खुर्ची चालवताना बाही गुंडाळून अडकवायची, बोलायला लागल्यावर सोडायची.

ट्रायलला ते आले तेव्हा बोळातच कच्च्या टाक्यांचा कोट चढवला. मी म्हणालो, आता आरसा नको, खुर्ची चालवा. ते बोळाच्या टोकापर्यंत गेले, वळले, जोरात परत आले. कॉलर मानेला चिकटून होती. डावीकडची चुणी जरा ओढत होती, तिथं खडू मारला. मग ते थांबले, बाहीची टिचबटणं सोडली आणि हात वर करून समोरच्या भिंतीला म्हणाले, "माय लॉर्ड." दाजींनी मोबाईल काढला. शेजारच्या फुलवाल्या मावशी हार ओवायचं सोडून बघत उभ्या राहिल्या. चाचांनी पुढं होऊन पाठीवरचा खडू झटकला, खरं तर तिथं खडू नव्हता.

सी.पी.आर. रुग्णालयासमोरच्या न्यायालयाच्या जुन्या इमारतीत ते आता तोच कोट घालून जातात. महिन्याभरानं त्यांनी फोन करून दोन गोष्टी सांगितल्या. पँट दिवसभर घालून रात्री आरशात कातडी तपासतात, अजून कुठं लाल डाग आलेला नाही. आणि उजव्या पायाची चेन एक इंच वर सुरू केली तर बुटाला लागणार नाही. ती बदलून दिली. पाच पांढरे शर्टही शिवले, मागून आखूड आणि सरळ कापाचे, खोचल्यावर खाली घडी येऊ नये म्हणून.

सुताराकडून लाकडी उतार करून घेतलाय. पायऱ्या उंच आहेत, त्यामुळं तो लांब झाला आणि दुकान उघडं असताना अर्धा बोळ अडतो. शेजाऱ्यांनी आधी कुरकुर केली, आता फुलवाल्या मावशीच तो सकाळी लावायला मदत करतात.

वकीलसाहेबांनी सांगलीच्या त्यांच्या एका मित्राला आमच्याकडं पाठवलंय. ते कुबड्यांवर चालतात, बँकेत आहेत. त्यांचा प्रत्येक शर्ट काखेत आधी फाटतो आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच वर राहतो. मुंढ्याखाली शिवण न आणता काखेत वेगळा तुकडा बसवायचा विचार आहे, म्हणजे कुबडीखाली जोड येणार नाही. त्यांची ट्रायल गुरुवारी आहे.