हलके पिस्तूल आणि न हलणारा हात

अंबाजोगाईचे माझे एक वकील मित्र दिवाळीनंतर लातूरला घरी आले आणि चहाचा कप खाली ठेवण्याआधीच त्यांनी विचारले, "सर, .२२ मध्ये लहानात लहान आणि हलक्यात हलके पिस्तूल कोणते घ्यावे?" (.२२ म्हणजे नळीचे भोक सुमारे ०.२२ इंच.) त्यांचा परवाना मंजूर झाला होता, शस्त्र विकत घेण्याची मुदत सुरू झाली होती आणि कमरेला लावून मिरवण्याची हौस त्यांना नव्हती. आमच्या भागात हे मुद्दाम सांगावे लागते, कारण मराठवाड्यात पिस्तूल पुष्कळदा नेम धरण्यापेक्षा दिसण्यासाठीच बाळगले जाते. डिसेंबर २०२४ नंतर बीड जिल्ह्यातील परवान्यांवरून जी चर्चा झाली आणि त्यानंतर जे परवाने रद्द झाले, त्यामुळे तर परवाना आहे हे चारचौघांत सांगायलाही माणूस कचरतो. वकीलसाहेबांना महिन्यातून दोन रविवार कागदी टार्गेटवर निवांत नेमबाजी करायची होती, एवढेच. मी महाविद्यालयात तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले, एनसीसीत .२२ रायफल चालवली आणि पुढे पिस्तुलाच्या नादी लागलो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला.

लहान आणि हलके हे दोन शब्द त्यांनी एका दमात उच्चारले होते. मी त्यांना उत्तर न देता गंजगोलाईजवळच्या धाकट्या भावाच्या दुकानात घेऊन गेलो. तराजूशेजारचे अर्ध्या किलोचे लोखंडी वजन त्यांच्या हातात दिले आणि खांद्याच्या रेषेत हात ताठ करून समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेतल्या एका तारखेवर ते स्थिर धरायला सांगितले. भावाने गिऱ्हाइकांकडे पाहत कपाळाला हात लावला. पाच-सात सेकंदांतच ते वजन वाऱ्यावरच्या ज्वारीच्या पानासारखे थरथरू लागले. मग एक किलोचे वजन दिले. ते जड लागत होते, खांदा लवकर भरून येत होता. पण पहिली दहा सेकंदे त्याची हालचाल संथ होती आणि तारखेभोवतीच फिरत होती. जड वस्तूला हाताची बारीक थरथर सहजासहजी हलवू शकत नाही, हे जडत्व मी वर्गात शेकडो वेळा सांगितले असेल. पण किराणा दुकानात ते जितके पटकन पटले, तितके वर्गात कधीच पटले नव्हते.

हलक्या पिस्तुलाला लोक भितात ते धक्क्यामुळे, आणि .२२ च्या बाबतीत ही भीती जवळजवळ निराधार आहे. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालापासून चालत आलेले आहे. त्याची शिशाची गोळी सर्वसाधारणपणे ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची असते. पिस्तुलाच्या आखूड नळीतून ती सेकंदाला ३०० मीटर वेगाने निघाली असे धरले आणि बारुदाच्या वायूचा हिशेब बाजूला ठेवला, तर अर्ध्या किलोचे पिस्तूल सेकंदाला सुमारे दीड मीटर वेगाने मागे येते आणि एक किलोचे पाऊण मीटरच्या थोड्या वर. ऊर्जेत मोजले तर पहिल्याचा धक्का सहा दशांश ज्यूलच्या आसपास आणि दुसऱ्याचा त्याच्या निम्मा. पाऊण किलोच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाचा धक्का पाच ज्यूलच्या घरात जातो. त्यापुढे हे दोन्ही आकडे किरकोळच आहेत. तेव्हा धक्का सोसत नाही म्हणून जड पिस्तूल घ्या, असा सल्ला मी कोणालाही देणार नाही. गोळी सुटण्यापूर्वीच्या दोन सेकंदांत पिस्तूल किती हलते, प्रश्न तिथे आहे.

आणि त्याहून मोठा प्रश्न चापाचा आहे. अर्ध्या किलोच्या पिस्तुलाचा चाप ओढायला तीन किलोचा जोर लागत असेल, तर बोट शस्त्राच्या वजनाच्या सहापट जोर लावते आणि त्यातला जरासा जोरही तिरका लागला की नळीचे तोंड बाजूला जाते. स्पर्धेच्या २५ मीटर पिस्तुलाला किमान एक किलोचा चाप आणि जास्तीत जास्त १४०० ग्रॅम वजन अशी नियमाची चौकट आहे. तिथे चाप आणि शस्त्र यांचे वजन बरोबरीत राहू शकते. खिशात मावणाऱ्या पिस्तुलाचा चाप चुकून दबू नये म्हणून मुद्दाम कडक ठेवलेला असतो. ते ज्या कामासाठी बनवले आहे त्या कामाला ते योग्यच आहे; टार्गेट हे ते काम नव्हे.

तिसरी अडचण लहानपणाची. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरण्याचा उंचवटा, आणि मागची खाच यांच्यातले अंतर लहान पिस्तुलात फार तर १३० मिलिमीटर असते, तर स्पर्धेच्या पिस्तुलात ते २२० मिलिमीटरपर्यंत चालते. माशी खाचेत अर्धा मिलिमीटर बाजूला सरकली, तर २५ मीटरवर पहिल्या पिस्तुलाची गोळी ९६ मिलिमीटर चुकते आणि दुसऱ्याची ५७. त्या अंतरावरच्या अचूक नेमाच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. वकीलसाहेबांनी हा हिशेब फोनवर स्वतः करून पाहिला आणि मग गप्प बसले.

त्यांच्या फोनमध्ये अर्थातच परदेशी पिस्तुलांची रांग होती. वॉल्थर पी२२, २०१२ मध्ये आलेले रुगर एसआर२२, २०१९ चे टॉरस टीएक्स२२ ही सगळी अर्ध्या किलोच्या आसपासची. रुगरचे २२/४५ लाइट सुमारे सातशे ग्रॅमचे आणि ब्राउनिंगचे बक मार्क एक किलोच्या घरातले. ही शेवटची दोन टार्गेटसाठी अधिक समजूतदार आहेत. पण आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला परदेशातून पिस्तूल मागवता येत नाही. ती सवलत ठरावीक दर्जा गाठलेल्या नेमबाजांना आहे. त्यामुळे आपली निवड दोनच वाटांवर येऊन थांबते: देशी बनावटीचे शस्त्र, किंवा पूर्वी कधी तरी देशात आलेले आणि रीतसर एका परवान्यावरून दुसऱ्यावर जाणारे जुने परदेशी पिस्तूल. देशी बनावटीत इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीचे 'निडर' हे .२२ चे रिव्हॉल्व्हर आहे. वजन सुमारे अडीचशे ग्रॅम. वकीलसाहेबांचे मन त्याच्यावर बसले होते. तळहाताएवढे रिव्हॉल्व्हर, आखूड नळी, माशीचे अंतर जवळजवळ नाहीच. टार्गेटसाठी मी ते नाकारले.

मग एका रविवारी आम्ही रेंजवर गेलो. शेतात, विहिरीच्या काठावर किंवा माळावर डबे मांडून नेम धरण्याची कल्पना ज्यांच्या मनात असेल त्यांनी ती तिथेच सोडावी; शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा लग्नसमारंभात गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रेंजवर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली तीन पिस्तुले चालवून पाहता आली: अडीच इंच नळीचे एक जुने इटालियन खिसापिस्तूल, एक किलोच्या वरचे पोलादी टार्गेट पिस्तूल, आणि साडेसातशे ग्रॅमचे एक मधले, ज्याचा सांगाडा हलक्या धातूचा असला तरी नळी मात्र पुरेशी लांब होती.

खिसापिस्तुलाने चौथ्याच गोळीला रिकामे काडतूस स्लाइडमध्ये, म्हणजे वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागात, उभे अडकवले. या पिस्तुलांत धक्क्याच्या जोरावरच स्लाइड मागे जाते. काडतूस मंद वेगाचे असेल आणि स्प्रिंग ताठ असेल, तर स्लाइडचा प्रवास अर्धवट राहतो. सातव्या वेळी चाप ओढला आणि नुसताच टक् असा आवाज आला. प्रशिक्षकांनी नळी टार्गेटकडेच रोखून धरायला लावून तीस सेकंद मोजले, मग काडतूस काढून माझ्या तळहातावर ठेवले. पितळेच्या कडेवर नखाच्या चंद्रकोरीएवढा फिकट ठसा होता. रिमफायर काडतुसात पेट घेणारे मिश्रण मध्यभागी नसून या कडेच्या पोकळीत पसरलेले असते. एखाद्या जागी ते विरळ असले किंवा ठोका हलका बसला, तर गोळी सुटत नाही. याच कारणाने जुने .२२ पिस्तूल घेताना, चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, रिकामे असल्याची स्वतः खात्री केल्यानंतर, चेंबरच्या तोंडाची कड बॅटरी लावून पाहावी. रिकाम्या पिस्तुलाचा चाप वारंवार ओढणाऱ्या मालकांच्या हातून तिथे पिनेचा घाव बसलेला असतो आणि तो खोल असेल तर काडतूस नीट बसत नाही आणि नीट निघतही नाही.

खिसापिस्तुलाच्या दहा गोळ्यांच्या मालिकेत टार्गेटच्या काळ्या गोलात चारच गेल्या होत्या. पोलादी पिस्तुलाने वकीलसाहेबांच्या नऊ गोळ्या काळ्यात गेल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. माझाही निर्णय मनात पक्का झाला होता. पण प्रशिक्षकांनी त्यांना आणखी तीन मालिका मारायला लावल्या. तिसऱ्या मालिकेत पिस्तूल वर येईपर्यंतच मनगट वाकू लागले आणि पाचच गोळ्या काळ्यात राहिल्या. मधल्या पिस्तुलाने पहिल्या मालिकेत सात आणि शेवटच्या मालिकेतही सातच दिल्या. इथे माझा किलोच्या वजनाचा धडा अपुरा पडला, हे कबूल केले पाहिजे. मी पहिल्या दहा सेकंदांचा विचार केला होता आणि माणसाला तिथे तासभर उभे राहायचे असते. दुसरे म्हणजे, किराण्याचे वजन मुठीतच असते, तर पिस्तुलाचे काही वजन मुठीच्या पुढे, नळीत असते. ते थोडे पुढे असले की माशी शांत राहते; फार पुढे गेले की मनगट सोडते. मधल्या पिस्तुलात हलका सांगाडा आणि लांब नळी यांची जोडी नेमकी तेवढ्यापुरती जमली होती.

मुठीचा घेर ही गोष्ट दुकानदार कधी सांगत नाहीत. वकीलसाहेबांचा पंजा लहान आहे. पोलादी पिस्तुलाच्या चापापर्यंत त्यांच्या तर्जनीचे टोक जेमतेम पोहोचत होते आणि त्यामुळे ते चाप सरळ मागे न ओढता बाजूला ढकलत होते. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर सहज टेकला पाहिजे. तो टेकत नसेल तर पुढची सगळी चर्चा व्यर्थ आहे.

काडतुसांबद्दल थोडक्यात. परवान्यावर एका वेळी आणि वर्षभरात किती घेता येतील ते आकडे लिहिलेले असतात. महिन्यातून दोन रविवार चाळीस गोळ्या म्हटल्या तरी वर्षाला ९६० होतात. म्हणून शस्त्र पाहण्याआधी तो आकडा वाचावा. रिमफायर काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही.

शेवटी त्यांनी एका निवृत्त नेमबाजाचे जुने टार्गेट पिस्तूल घेतले. वजन आठशे ग्रॅमच्या आत, चाप सव्वा किलोचा, चेंबरची कड साफ. कागदपत्रांसाठी कार्यालयात पाच खेपा पडल्या. दोन वेळा तर साहेब दौऱ्यावर होते. मूठ मात्र पूर्वीच्या मालकाच्या रुंद पंजाची होती. आमच्या गल्लीतल्या सुताराकडून शिसवीच्या लाकडाची नवी मूठ कोरून घेतली, तीही पिस्तूल न देता, जुन्या मुठीच्या मापावरून. वकीलसाहेबांच्या अंगठ्याच्या मुळाशी अजून दोन मिलिमीटर लाकूड जास्त आहे. येत्या शनिवारी ते येणार आहेत, आणि मी कानस शोधून ठेवली आहे.