पहिल्या वर्षाचाच तास का? तुम्ही विचारलंत म्हणून

‘इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवताय. मग कॉलेजात रुळायला मदत करणारा तो पहिल्या वर्षाचा कोर्स दरवर्षी मागून का घेता? त्यातून तुम्हाला मिळतं काय?’ सहकारी विचारतात, पालक विचारतात, आता तुम्हीही विचारलंत.

मला मिळतो तो पहिल्या परीक्षेनंतरचा आठवडा.

शाळेत कायम वरच्या नंबरात असलेली मुलं त्या आठवड्यात निम्मे मार्क घेऊन समोर बसतात. कुणी रडत नाही. सगळी फक्त गप्प असतात, आणि प्रत्येकाला वाटत असतं की आपल्या एकट्याचंच असं झालंय. एका मुलाने मला त्याचं पुस्तक दाखवलं होतं. पानंच्या पानं हायलायटरने पिवळी झाली होती. ‘चार वेळा वाचलंय, मॅडम.’ तो खरं सांगत होता. कष्टांत तो कुठेच कमी पडला नव्हता, आणि म्हणूनच त्याला ‘अजून अभ्यास कर’ एवढंच सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

मी त्याला पुस्तक मिटायला लावलं आणि कोरा कागद दिला. आठवेल ते लिही. पाच ओळींवर पेन थांबलं. नंतर वर्गात मी रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगितला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी एकदाच वाचून तो तीन वेळा न बघता आठवला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांच्या लक्षात सुमारे ४० टक्के उरलं होतं आणि आठवणाऱ्यांच्या ६१ टक्के. वाचताना ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे, हे त्या मुलाच्या चेहऱ्यावर उमटताना मी पाहिलं. बेंझिनची रचना समजल्याचा आनंद मी अनेक चेहऱ्यांवर पाहिलाय, पण स्वतःचं डोकं कसं चालतं हे कळल्याचा आनंद वेगळाच असतो. तो पुढे प्रत्येक विषयात कामाला येतो.

वेळेचं नियोजन, सबमिशनच्या तारखा, ग्रंथालय वापरणं हेही या कोर्समध्ये असतं. ते सगळं लागतंच. पण मुलं कॉलेज सोडून जातात ती बहुतेक वेळा तारखा चुकल्यामुळे नाही. ‘मी इथला नाहीच’ हे मनात घट्ट बसलं की जातात.

वॉल्टन आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला परकं वाटणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं आणि हळूहळू ते ओसरतं. मग त्यांनाही स्वतःबद्दल लिहायला सांगितलं. हे सगळं तासाभराचं काम. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते की त्यातल्या आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांचे मार्क पुढची तीन वर्षं सुधारत राहिले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेली तफावत जवळपास निम्मी झाली. एक तास सगळीकडे असाच परिणाम करेल असं मी म्हणणार नाही. पण तो अभ्यास वाचल्यापासून मी शेवटच्या तासाला मुलांना पुढच्या बॅचसाठी पत्र लिहायला लावते. नाव घालायची सक्ती नसते.

या कोर्सने मलाही बदललं, हे सांगायलाच हवं. ‘शंका असल्या तर येऊन भेटा’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं म्हणत होते आणि कुणी आलं नाही की मुलांना गरज नाही असं समजत होते. खरं म्हणजे येऊन बोलायचं काय, हेच त्यांना माहीत नसतं. आता पहिल्याच महिन्यात प्रत्येकाने दहा मिनिटं येऊन जायचं आणि न समजलेली एक गोष्ट सोबत आणायची. हा नियम मी रसायनशास्त्राच्या वर्गातही लावलाय.

सेमिस्टरभर जेमतेम हजेरीपुरतं बोलणारी एक मुलगी होती. तिच्या पत्रात तीनच ओळी होत्या: पहिले दोन महिने रोज सोडून जायचा विचार केला, मग एकदा प्रश्न विचारला, मग थांबले. पुढच्या वर्षी पहिल्या परीक्षेनंतर ते पत्र वाचून दाखवायची परवानगी मागायला मी तिला बोलावलं. ती म्हणाली, ‘मीच येऊन वाचते.’ वाचून झालं, तास संपला, मी कागद आवरून बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये ती अजून उभी होती आणि तिच्याभोवती चार मुलं.