औंढ्याजवळचे चार किलोमीटर

आज दहावीच्या लेकरांना घेऊन हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला गेलो होतो. दर्शन झालं, कोरीव काम बघून झालं. मग मी विषय काढला तो लायगो-इंडियाचा. गुरुत्वीय लहरी टिपणारी ही वेधशाळा इथं औंढ्याजवळच उभी राहणार आहे. काटकोनात दोन भुजा, एकेक 4 किलोमीटरची.

आइन्स्टाइननं 1916 साली गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, गणितातून मांडल्या. त्या प्रत्यक्ष सापडल्या 14 सप्टेंबर 2015 रोजी, अमेरिकेत. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली, त्यातून उठलेली लहर सव्वाशे कोटींहून जास्त वर्षं प्रवास करून आली आणि तिथल्या लायगो वेधशाळेच्या 4 किलोमीटरच्या भुजेची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण हजारव्या भागाइतकीच बदलली! लेझरनं तेवढंही मोजलं. मला तर आजही हे सांगताना अंगावर काटा येतो.

"सर, मग हिंगोलीच का?" एकानं विचारलं. फार चांगला प्रश्न. इथली जमीन शांत आहे, कारखान्यांची, रेल्वेची थरथर कमी. शिवाय एकमेकांपासून लांब असलेल्या वेधशाळा जितक्या जास्त, तितकी लहर आकाशात कुठून आली ते नेमकं कळतं.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ संजीव धुरंधर यांनी या लहरी सापडण्याच्या कितीतरी आधीपासून गोंगाटातून असा क्षीण संदेश वेगळा काढायच्या पद्धतींवर काम केलंय, हेही आवर्जून सांगितलं. आपल्या लेकरांना ही नावं पाठ पाहिजेत.

एका मुलीनं विचारलं, इथं काम करायला काय शिकावं लागतं? सोमवारी तिच्यासोबत अकरावीचे विषय घेऊन बसणार आहे.