फडताळातला फोटो प्रिंटर : काम इथपर्यंत आलंय

तर प्रिंटर बसलाय, छापतोय, आणि घरातलं कोणी अजून घर सोडून गेलेलं नाही. बऱ्याच जणांनी विचारलं होतं की एवढ्याशा जागेत हे धूड ठेवणार कुठे, म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते, कारण मला स्वतःला शोधताना प्रिंटरच्या क्वालिटीबद्दल ढीगभर वाचायला मिळालं पण तो घरात मावतो कसा याबद्दल कोणी धड बोलत नाही.

आमचं घर इंदूरला रामबागेत, जुनं. भिंती जाडजूड आणि खोल्या मात्र आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक. टेबल म्हणावं असं एकच, त्यावर मुलाचा अभ्यास आणि संध्याकाळी भाजी निवडणं. गोदरेजच्या कपाटावर ठेवू असं नवरा म्हणाला, पण शिडी लावून कोण कागद घालणार? सासूबाईंच्या शिलाई मशीनचं झाकण बंद असतं तेव्हा छान सपाट जागा असते तिथे, तिच्याकडे मी आशेने बघत होते तर त्या आधीच म्हणाल्या, "तिकडे नजर टाकूच नकोस, मला रोज लागतं ते."

इथे पहिला मुद्दा. बॉक्सवर किंवा वेबसाइटवर जे माप लिहितात ते बंद प्रिंटरचं असतं. ए-फोर साइजचे बहुतेक फोटो प्रिंटर बंद असताना साधारण ४० ते ४५ सेंमी रुंद आणि ३५ च्या आसपास खोल, बघितलं की वाटतं अरे हे तर कुठेही बसेल. पण यातल्या बऱ्याच मॉडेल्सना कागद मागून उभा घालायचा असतो, म्हणजे मागचा सपोर्ट वर येणार, पुढचा ट्रे बाहेर येणार, वरून हात घालून कागद सरळ करायला जागा पाहिजे, शाई भरायला झाकण उघडायला पाहिजे, शिवाय मागे वायर. उघडा प्रिंटर खोलीला अर्ध्या मीटरच्या आसपास जातो आणि उंची तर दुप्पट धरा. मी फ्रिजच्या जुन्या कार्टनचा पुठ्ठा उघड्या मापाचा कापला आणि तो घरभर ठेवून बघितला, दारं उघडतात का, जाता येता पाय लागतो का. हे करा खरंच, फुकट आहे.

आणि दुसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: शाईचा प्रिंटर कपाटात गुंडाळून ठेवायची वस्तू नाही. तो वापरात राहिला तर चालतो, नाहीतर हेडमधे, म्हणजे कागदावर शाई फवारणाऱ्या भागात, शाई सुकते. आपल्याकडे एप्रिल-मेमधे हवा इतकी कोरडी असते की धुतलेली चादर दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळते, तिथे हेडमधल्या त्या केसाहून बारीक छिद्रांची, म्हणजे नोझलची, काय कथा. म्हणजे "लागेल तेव्हा काढू" असा विचार असेल तर लागेल तेव्हा पट्टे पट्टे येणार. टँकवाला (बाटलीतून शाई भरायचा) प्रिंटर तिरका करून उचलून इकडून तिकडे नेणंही बरं नाही, शाई सांडते किंवा नळीत हवा जाते. त्यामुळे मॉडेल कुठलं हे नंतर, आधी त्याची कायमची जागा ठरवा, आणि ती जागा अशी पाहिजे की आळस आला तरी एक फोटो छापता येईल.

आता मॉडेल. तीन प्रकार डोक्यात होते.

एक, कॅननचा सेल्फी सीपी१५००, छोटा, किलोभराच्या आत वजन. हा शाईचा नाहीच, डाय-सब्लिमेशन, म्हणजे रिबनवरचा रंग उष्णतेने कागदावर चढतो, आधी पिवळा मग मॅजेंटा (गडद गुलाबी) मग सायन (आकाशी निळा) आणि शेवटी वरून संरक्षक थर, म्हणून कागद चार वेळा आत बाहेर करतो. आणि हा करताना कागद पाठीमागून बाहेर डोकावतो, तर भिंतीला चिकटवून ठेवता येत नाही, हे छोट्या प्रिंटरच्या बाबतीत लोक विसरतात. सुकायची भानगड नाही, सहा महिने पडून राहिला तरी पहिला फोटो नीट. एका रिबनमधे ठराविकच फोटो, ३६ चं पॅक घेतलं तर ३६, फोटोत पांढरं जास्त असो की काळं, खर्च तोच. एक गंमत सांगते, मैत्रिणीकडे वापरलेली रिबन उलगडून बघितली तर प्रत्येक फोटोची सावली त्यावर तशीच होती, तीन रंगांत. खाजगी फोटो छापत असाल तर रिबन कात्रीने कापून टाका. पण साइज मुख्यतः पोस्टकार्ड, आणि मला ए-फोर पाहिजे होता म्हणून बाद. ज्यांना वर्षातून दोन-तीनदाच छापायचं आहे त्यांनी मात्र हाच घ्यावा, बाकी वाचलं नाही तरी चालेल.

खिशातले झिंकवाले प्रिंटर (शाई नाही, रंग कागदातच असतो) धरलेच नाहीत, ते मुलांच्या वहीवर चिकटवायला ठीक.

उरले सहा शाईचे टँकवाले. एप्सन एल८०५० आणि कॅनन जी५७०. दोघांतही सहाच बाटल्या, पण सहा वेगळ्या. एप्सनमधे नेहमीच्या चार रंगांसोबत फिका सायन आणि फिका मॅजेंटा आहे, त्याने चेहऱ्याचे आणि आकाशाचे हलके शेड मऊ येतात, दाणे दिसत नाहीत. कॅननमधे त्याऐवजी लाल आणि ग्रे. लग्नाचे, बाळांचे, पोर्ट्रेटचे फोटो जास्त असते तर मी एप्सन घेतला असता, सरळ सांगते. पण माझ्या हार्ड डिस्कमधे दोनच गोष्टी भरल्यात, रंगपंचमीची गेर (रंग उडवत निघणारी इथली मिरवणूक) आणि जुन्या इंदूरचे ब्लॅक अँड व्हाइट, म्हणून लाल आणि ग्रेवाला घेतला. प्रिंटर निवडताना लोक डीपीआय (इंचात किती ठिपके) बघतात, मी म्हणेन आपला फोल्डर उघडून बघा. ए-थ्री प्लसवाले, म्हणजे ए-फोरच्या दुपटीहून मोठा कागद घेणारे, कॅननचे प्रो-२०० वगैरे बघून उसासे टाकले, पण ते ६०-६५ सेंमी रुंद आणि १४ किलोचे, त्यांना स्वतःची खोली लागते.

जागा शेवटी फडताळात मिळाली. मधल्या खोलीत भिंतीतलं जुनं फडताळ आहे, त्यात वर्षानुवर्षं बरण्या आणि लग्नपत्रिका. दारं काढली, मधली फळी काढली (उंची पाहिजे होती), पण फडताळ आत जेमतेम एक फूट खोल, प्रिंटर अर्धा बाहेर लटकणार. तर सुतार भियांनी आयडिया दिली, "मैडम, दराज जैसा कर देते हैं, पूरा बाहर आ जाएगा." म्हणजे १८ एमएम प्लायची फळी टेलिस्कोपिक चॅनलवर, फुल एक्स्टेन्शनवाली, आणि फडताळाच्या पुढे थोडी चौकट वाढवली. आता प्रिंटर बंद असताना आत सरकतो, जेमतेम वीतभर बाहेर, आणि छापायचं असलं की फळी हळूच ओढायची, मागचा सपोर्ट वर करायचा, झालं. फळी सपाटच सरकते त्यामुळे टँक तिरका होत नाही. चॅनल झटक्यात ओढू नका आणि शेवटी अडकायला खटका असलेलं घ्या, नाहीतर छपाई चालू असताना आतला हेड डावी-उजवीकडे पळतो तशी फळीपण मागे-पुढे होते. वायरला मागे भरपूर ढील ठेवली, यूएसबी केबल लावलीच नाही, वायफायवर चालतं.

बरण्यांचं काय झालं हा विषय घरात अजून चालू आहे.

प्लगबद्दल एक. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, भिंतीवरच्या स्विचने नाही. बटण दाबलं की हेड बाजूला जाऊन टोपीखाली बसतो आणि नोझल झाकले जातात. स्विच खटकन बंद केला किंवा मधेच लाइट गेली तर हेड जिथे असेल तिथे उघडाच राहू शकतो, मग उन्हाळ्यात काय होणार ते वर लिहिलंच आहे. लाइट आली की आधी एकदा चालू करून नीट बंद करायचा.

पहिल्यांदा शाई भरली की टँकमधली लेव्हल एकदम खाली जाते, घाबरू नका, नळ्या आणि हेड भरायला ती जाते. मग नोझल चेकचा पॅटर्न साध्या कागदावर काढायचा, रेघा तुटलेल्या नसल्या की पुढे. हेड क्लीनिंग उगाच करत बसू नये, त्यात शाई वाया जाते आणि ती सगळी मेंटेनन्स कार्ट्रिजमधे साठते (यात ते आपल्याला बदलता येतं हे एक बरं). आमचा नियम असा की रविवारी पोहे झाले की एक ४×६ इंची फोटो छापायचा, ज्यात सगळे रंग आहेत असा. त्यातून आजी लोकांना वाटायला फोटोपण होतात.

आता रंग, इथे माझे सगळ्यात जास्त कागद गेलेत आणि जाणारही आहेत.

गेरचे फोटो म्हणजे काय प्रकार असतो ते इंदूरवाल्यांना सांगायला नको, राजवाड्यासमोर पाइपातून गुलाल उडतो, वर गुलाबी-हिरवे ढग आणि खाली पाण्याचे टँकर. स्क्रीनवर तो गुलाबी रंग नुसता पेटलेला दिसतो, आणि कागदावर? बसलेला. हा प्रिंटरचा दोष नाही, स्क्रीन स्वतः प्रकाश फेकते, कागद फक्त खोलीतला प्रकाश परत पाठवतो, असे काही भडक रंग शाईच्या आवाक्यातच नसतात. लाल शाईमुळे केशरी आणि लाल मस्त येतात, भगवे फेटे तर बघत राहावेत, पण तो चमकता गुलाबी आणि पोपटी हिरवा नाही येत. आधी मी सॅच्युरेशन वाढवून बघितलं तर ढगाचा सगळा पोतच गेला, एक सपाट गुलाबी डाग. उलटं केल्यावर जमलं: तेवढ्याच रंगाचं सॅच्युरेशन थोडं खाली, कॉन्ट्रास्ट थोडा वर, आणि रेंडरिंग इंटेंट (शाईच्या आवाक्याबाहेरचे रंग कसे बसवायचे ते सेटिंग) पर्सेप्चुअल. रिलेटिव्ह कलरिमेट्रिकमधे आवाक्याबाहेरचे रंग कडेला आणून दाबले जातात, पर्सेप्चुअलमधे सगळेच रंग थोडे थोडे आत सरकतात म्हणून ढगातले शेड शिल्लक राहतात. डार्कटेबल किंवा गिंप या फोटो एडिटरमधे सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर कसं दिसेल त्याचा स्क्रीनवरचा अंदाज) लावून बघितलं की कागद जाळायच्या आधीच कळतं कुठे काय जाणार आहे.

रंग सांभाळायचं काम एकालाच द्या. फोटोच्या सॉफ्टवेअरमधे प्रोफाइल (त्या प्रिंटर-कागदाच्या रंगांची फाइल) लावलं असेल तर ड्रायव्हरमधलं, म्हणजे प्रिंटरच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधलं, कलर करेक्शन बंद, नाहीतर दोघं मिळून दुरुस्ती करतात आणि चेहरे विटेसारखे लाल होतात. हा घोळ वाटतो त्यांनी सरळ एसआरजीबी (स्क्रीनची नेहमीची रंगपद्धत) फाइल, ड्रायव्हरमधे बरोबर कागदाचा प्रकार, बाकी सगळं ऑटो. ७०-८० टक्के काम त्यात होतं असं मला वाटतं.

"प्रिंट काळा येतो" ही तक्रार सगळ्यांची असते. लॅपटॉपचा ब्राइटनेस खाली आणा. स्क्रीन मोजायचं मीटर नसेल तर कोरी पांढरी विंडो उघडायची, शेजारी कोरा फोटो पेपर धरायचा, खोलीतला नेहमीचा ट्यूब लावायचा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत स्क्रीन कमी करायची. मग एडिट करायचं. आणि प्रिंट बाहेर आला की लगेच निकाल लावू नका, शाई बसायला वेळ लागतो, मी रात्रभर ठेवते आणि सकाळी खिडकीपाशी बघते. पिवळ्या एलईडीखाली तोच फोटो वेगळा दिसतो, विशेषतः ब्लॅक अँड व्हाइट. राजवाड्याचा एक फोटो आहे, खालचे दगडी मजले आणि वरचे लाकडी, लाकडाच्या सावल्यांत सगळा जीव आहे त्याचा. ग्रे शाईमुळे त्या सावल्या हिरवट किंवा जांभळट न होता करड्याच राहिल्या, नुसत्या त्या एका प्रिंटसाठी पैसे वसूल.

मोबाइलवरून छापणाऱ्यांसाठी: फोनचा फोटो सहसा ४:३, आणि ४×६ हा ३:२. न विचारता बॉर्डरलेस (कडेला पांढरं न सोडता) छापलं तर आडव्या फोटोत उंचीचा नववा भाग कापला जातो, ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या उंच काकांचं डोकं गेलंच समजा. आधी स्वतः क्रॉप करा.

कागदाचं थोडक्यात. स्वस्त ग्लॉसी, ज्याची मागची बाजू साध्या कागदासारखी लागते, तो टेस्टला ठीक. द्यायला-ठेवायला आरसी पेपर, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा थर असलेला, २६० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे जाडीचा अंदाज) आसपास, मला ग्लॉसीपेक्षा लस्टर (कमी चमकीचा) आवडतो, बोटांचे ठसे दिसत नाहीत. आणि इथे आमचा कूलर मधे आला. बाहेर कोरडं रण आणि आत कूलर चालू असला की खोली दमट, उघडं ठेवलेलं पाकीट एका रात्रीत वळतं, वळलेला कागद हेडला घासतो आणि कडेला काळे डाग. आता कागद झिप पाऊचमधे सिलिका जेलच्या पुड्या टाकून, लागेल तेवढाच बाहेर. कूलरचा झोत फडताळावर येणार नाही असं तोंड फिरवलं, धूळही कमी झाली, वर जुन्या सुती साडीचं झाकण शिवून मिळालंय (शिलाई मशीनवाल्यांकडूनच, संबंध सुधारतायत). डाय शाई (या प्रिंटरमधली, पाण्यात विरघळलेल्या रंगाची) उघड्या हवेत लवकर फिकी पडते म्हणून भिंतीवर लावायचे ते काचेमागे, बाकी अल्बममधे.

राहिलेलं काम: फडताळाच्या वरच्या भागात ए-फोर कागद आडवा मावेल असा एक कप्पा, पावसाळ्यात कागदाचं काय होतं ते बघणं, आणि गेरच्या हिरव्या रंगाचं अजून काही जमतंय का ते. लस्टरवर पोपटी हिरवा कोणी पटण्यासारखा काढला असेल तर सेटिंग सांगा, कागद कुठला ते पण लिहा.